दोन दारं, एक खोली

४ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उजवा कानही गेल्यात जमा आहे असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तू ज्या थाटात कळवलंयस, त्यावरून वाटावं की बढतीच मिळाली. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्या धडधडत्या यंत्रांशेजारी उभा राहिलास, कान आणखी किती टिकणार? आई म्हणते, भाऊ आधीही कुणाचं ऐकत नव्हता, आता दाखला मिळाला एवढंच. फोन कायमचा बंद, म्हणजे यापुढे तुझ्याशी भांडायचं तर कागदावरच.

माझं मात्र काही खरं नाही. आमच्या नव्या कंप्युटर गेमबद्दल तुला लिहिलं होतं. त्यात खेळणाऱ्याने खलनायक व्हायचं असतं, राखेने काळवंडलेल्या एका शहराचा कारखानदार. वळणावळणावर पडद्यावर दोन-तीन पर्याय उमटतात, त्यातला एक निवडायचा. ते पर्याय मी लिहिते. वाईट पर्याय लाल अक्षरांत असतो आणि तो घेतला की दुष्टपणाचे गुण वाढतात. गेल्या आठवड्यात चाळीस माणसांना बसवून खेळायला लावलं. चौतीसजण शेवटपर्यंत गुणी बाळासारखे वागले. उरलेल्या सहांनी गरिबांची वस्ती पेटवली, खदाखदा हसले आणि या खेळात घोडा कुठे मिळतो ते विचारलं.

आमचे दिग्दर्शक म्हणाले की तुमचा खलनायक म्हणजे मिशीला पीळ देणारं बुजगावणं आहे, कुत्र्याला लाथ मारण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. निवडताना हात थबकेल असा एक तरी प्रसंग फेब्रुवारीअखेर दाखवा, नाहीतर खेळ गुंडाळायचा आणि आम्ही सातजणांनी घरी बसायचं. मामा, ही माझी तिसरी नोकरी. खरंच, मला वाईट वागता येत नाही की लिहिता येत नाही, तेच कळेनासं झालंय. तू इतकी वर्षं माणसं पाहिलीस. एखादा खरा बदमाश आठवतो का? आठवला तर लवकर कळव.

औषधाचे थेंब वेळेवर घाल. लोभ आहेच, तो कानांवर अवलंबून नाही.

तुझी भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाप केलं की गुण वाढतात, हे वाचून पोटभर हसलो. तुमचा खेळ अगदी आमच्या कंपनीसारखाच आहे म्हणायचा. आईला सांग, भाऊ तिचं तरी ऐकत होता, पण तिने कधी ऐकण्यासारखं काही सांगितलं नाही.

तुझं चुकतंय ते त्या लाल अक्षरांत. माणूस वाईट करतो तेव्हा त्याला लाल काही दिसत नाही. दिसलं असतं तर निम्मं जग सज्जन राहिलं असतं. माझ्या ओळखीच्या एकाची गोष्ट सांगतो. तोही माझ्यासारखाच सुपरवायझर होता. रंग घोटायची टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा, त्याआधी सुपरवायझरने टाकीत मीटर सोडून थिनरची वाफ उरली नाही ना ते बघायचं आणि रजिस्टरात सही करायची, असा नियम. त्या दिवशी मीटर शेजारच्या शेडच्या कपाटात होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. दहा मिनिटांचा प्रश्न. त्याने ‘तपासले, ठीक आहे’ लिहून सही ठोकली. आत जो उतरला त्याला सगळे सुतळी म्हणायचे, इतका उंच आणि किडकिडीत. खरवडणी लोखंडाची, टाकी लोखंडाची. ठिणगी पडली आणि सुतळी वर आला नाही.

इथवर तो माणूस आळशी होता. वाईट पुढे आहे. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने त्याला बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. घरची विचारपूस केली. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाला की या लोकांच्या खिशात काडेपेटी असतेच, तुमच्या पाहण्यात आली असेल. खोटं बोला असं त्याने एकदाही म्हटलं नाही. हा म्हणाला, होती असं वाटतं. दुसऱ्या दिवशी चौकशीसमोर त्यातलं ‘वाटतं’ गळून पडलं. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा असं कागदावर आलं, कंपनीने हात झटकले, आणि सुतळीच्या बायकोला महिन्याभरात कंपनीची खोली सोडावी लागली. कुणी मिशीला पीळ दिला नाही. चहा मात्र चांगला होता.

बघ तुझ्या कामाचं असलं तर. आशीर्वाद नेहमीचेच, नवे छापलेले नाहीत.

तुझा मामा

१९ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तू मला वाचवलंस! लाल अक्षरं काढून टाकली, दुष्टपणाचे गुणही काढले. आता पडद्यावर फक्त एक खोली आहे, टेबल, पुढे सरकवलेली खुर्ची आणि चहा. खेळणाऱ्याने सुपरवायझर व्हायचं. मॅनेजर विचारतो आणि खाली दोन ओळी उमटतात. ‘काडेपेटी होती असं वाटतं’ आणि ‘मी मीटर सोडलंच नव्हतं’. काल पुन्हा चाळीसजणांना बसवलं. निवडायला सरासरी अकरा सेकंद लागले, याआधी दोन लागत नव्हते. एकोणतीसजणांनी काडेपेटी निवडली. एक बाई निवडून झाल्यावर उठल्या आणि हात धुऊन आल्या. दिग्दर्शक माझ्या टेबलावर चॉकलेट ठेवून गेले. त्यांच्या चिक्कूपणाच्या मानाने हा सत्कारच समजायचा.

आता मला दुसरी वाट लिहायची आहे. तो माणूस खरं बोलला असता तर पुढे काय झालं असतं? आणि खोटं बोलून त्याचं काय झालं? बढती मिळाली का? झोप लागते का त्याला? तुझ्या ओळखीचा आहे तर विचार की. नाव कुठे येणार नाही, शप्पथ.

माया पातळ करू नकोस, उत्तर जाड पाठव.

तुझी भिंगरी

२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाच दिवस पत्र लिहून फाडत होतो. ओळखीचा माणूस मीच.

एकतीस वर्षं झाली. तुझ्या मामीलाही सांगितलं नाही, ती तशीच गेली. बढती मिळाली, हो. तुझी पहिली सायकल मी आणली तेव्हाचे पेढे तुला आठवत असतील, सायकल आणि पेढे त्या बढतीचेच होते. सुतळीची बायको भाजीबाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करते. मी तिच्याकडे शर्ट नेतो. धड शर्टाची बटणं घरी बसून ओढून काढतो आणि तिच्याकडे लावायला देतो. महिन्यातून दोनदा, इतकी वर्षं. तिला वाटतं साहेब बायको गेल्यापासून वेंधळे झालेत. ती मला साहेब म्हणते भिंगरे, आणि घरी काडेपेटी ठेवत नाही. शेगडी पेटवायला शेजारून पेटती काडी मागून आणते. हे मला तिनेच सांगितलं, दोरा दातात धरून, आणि मी शर्टाची घडी करत उभा राहिलो.

आता तिची मुलगी तिला कायमची आपल्या गावी नेते आहे. सोळा फेब्रुवारी, सकाळची आठची बस. त्याआधी सांगायचं तर आहे, नाहीतर मग कधीच नाही. हल्ली रोज तिच्या दारापर्यंत जातो आणि बटणं देऊन परततो. माझ्यात धमक नाही. मनात एकच घोळतं, की मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? मॅनेजरने दुसरा कुणी उभा केला असता आणि तिची खोली तरीही गेली असती, असं असेल तर आता म्हाताऱ्या बाईच्या काळजात सुरी खुपसून काय मिळवायचं? पण माझ्या एका शब्दाने तिचं सगळं वाचणार होतं, असं असेल तर तिच्या पायाशी जाऊन बसलंच पाहिजे.

मला ते ठरवता येत नाही. मी माझ्या बाजूचा वकील आहे. तू परकी नजर आहेस, माणसं पुढे काय करतील हे लिहिणं तुझा धंदा आहे. ती दुसरी वाट नीट लिही आणि मला खेळायला पाठव. मी खरं बोलायचं बटण दाबून बघतो. त्यातून जे निघेल तसं करीन.

तुला माझी किळस आली असली तरी पत्र पाठव. आशीर्वाद द्यायला मी लायक उरलो असलो तर ते आहेत.

मामा

५ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझा जुना लॅपटॉप पाठवते आहे. झाकण उघडून हिरवं चित्र दाबलंस की खेळ सुरू होईल. अक्षरं तुझ्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी करून ठेवली आहेत. दोन्ही वाटा आत आहेत. दुसरी वाट मी खूप विचार करून, असल्या जुन्या चौकश्यांचे कागद वाचून लिहिली आहे. त्यात पुढे जे घडतं, ते खरंच तसंच घडलं असतं.

किळस आलेली नाही. रडू आलं, आणि पेढ्यांची चव आठवली. तू माझा मामा आहेस. जेवत जा वेळेवर.

तुझीच,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आज ते मोकळ्या मनाने.

सात वेळा खेळलो. चार वेळा खरं बोललो, तीन वेळा खोटं. प्रत्येक वेळी तेच. चौकशीचा कागद मॅनेजर आपल्या मनासारखा फिरवतो आणि ती बाई शिवणयंत्र हातगाडीवर चढवून खोलीबाहेर पडते. काय केलं तरी पळसाला पानं तीनच! चौथ्यांदा खरं बोललो तेव्हा पडद्यावर हातगाडी दिसताच मी चक्क टाळी वाजवली. एकतीस वर्षं छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुझे उपकार कसे फेडू ते सांग.

काल बाई उरलेले शर्ट परत द्यायला स्वतः घरी आल्या. जायच्या आधी सगळ्यांचे कपडे पोचते करतायत. त्यांनी मला कागदावर लिहून विचारलं, मला ऐकू येत नाही म्हणून. लिहिलं होतं की साहेब, जाता जाता एकच विचारते, ती काडेपेटी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती का? आमचे हे विडीसुद्धा ओढत नव्हते. मुलीच्या सासरी अजून टोमणे मारतात की बापाने स्वतःसकट टाकी जाळली, म्हणून विचारलं.

आधीचा मी असतो तर कोसळलो असतो. पण तुझा खेळ आठवला. काहीच बदलणार नव्हतं, मग आता उगाच कशाला? मी मान डोलावली. हो, पाहिली होती. त्यांनी कागदाची घडी केली, नमस्कार केला आणि गेल्या. जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

आता तुझी नोकरी पक्की झाल्याची बातमी पाठव. माया आहेच, आता तिला मोकळी जागाही झाली आहे.

तुझा मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार वगैरे राहू दे. हे पत्र तुझ्या हातात पंधराला पडेल असं कुरिअरवाल्याने सांगितलंय, म्हणजे तुझ्याकडे एक दिवस असेल. बसूनच वाच.

मी तुला फसवलं. आमच्या धंद्यातली एक रीत आहे. दोन दारं दाखवायची आणि दोन्हीमागे एकच खोली ठेवायची. खेळणाऱ्याला वाटतं आपण निवडलं. दुसरी खोली बांधायची तर चित्रकाराचे बारा दिवस जातात आणि बहुतेक लोक एकदाच खेळतात, त्यांना कळतही नाही. हातगाडीचं चित्र एकच तयार होतं, म्हणून दोन्ही वाटा तिथेच नेल्या. मॅनेजर कागद फिरवतो हे मी एका दुपारी, डबा खाता खाता लिहिलं. कसलेही कागद वाचले नाहीत.

दुसरी वाट मी आधी लिहिली होती, खरीखुरी. ती दोन पानं सोबत जोडली आहेत. त्यात सुपरवायझरची नोकरी जाते. चौकशी लांबते, पण रजिस्टर पुढे येतं, आणि सुतळीच्या नावावर डाग राहत नाही. त्याच्या मुलीला कुणी टोमणे मारत नाही. हेच घडलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मला जे खरं वाटलं ते हे होतं, आणि ते काढून टाकलेलं आहे हे मला माहीत असताना मी तुला उरलेलं पाठवलं.

का पाठवलं तेही सांगते. तू सुटावास म्हणून. आणि दुसरं कारण लपवत नाही. तू तिला सगळं सांगितलंस तर गोष्ट तिची होईल आणि खेळातून काढावी लागेल अशी भीती वाटली. अकरा सेकंदही लागले नाहीत मला. लाल अक्षरं मलाही दिसली नाहीत. मामा, तू एकतीस वर्षांपूर्वी खोटं बोललास ते तुझं, पण आता जी मान डोलावलीस ती माझ्यामुळे. ती एवढं धाडस करून कागदावर विचारायला आली होती रे!

सोळाला सकाळी आठ. सोळाच्या आत पोचवणारं तिकीट कुठेच मिळालं नाही, नाहीतर मीच गेले असते. तू जा. काही सुचलं नाही तर ही पानं तिच्या हातात दे. पण जा, पाया पडते.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पंधराला दुपारी तुझं पत्र मिळालं. वाचून तुझा एवढा राग आला की लॅपटॉप उचलून आपटणार होतो. मग आठवलं की मला खुर्ची देणाऱ्याचाही मी कधी एवढा राग केला नव्हता. तुझी दोन पानं चार वेळा वाचली. लगेच तिच्या घरी गेलो तर कुलूप. सामान पुढे गेलं होतं आणि त्या कुणाकडे तरी निरोपाच्या जेवणाला गेल्या होत्या. घरी येऊन मी तीन ओळी लिहिल्या. मीटर सोडलं नव्हतं. काडेपेटी नव्हती. त्या दिवशी मान डोलावली तीही खोटी. खाली सही केली, तारीख घातली. तुझी पानं नेली नाहीत, ती तुझी आहेत.

सकाळी सातपासून स्टँडवर उभा होतो. आठला पाच कमी असताना त्या आल्या, मुलगी आणि शिवणयंत्र घेऊन. त्या खिडकीशी बसल्यावर मी बसमध्ये चढलो आणि बोललो. किती मोठ्याने बोललो ते मला कळलं नाही, कारण माझा आवाजही आता मला ऐकू येत नाही. पण पुढच्या सीटवरची माणसं मागे वळली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पायाखालची थरथर थांबली त्यावरून समजलं. म्हणजे सगळ्या बसने ऐकलं. एका परीने बरंच झालं, तिच्या मुलीनेही ऐकलं.

बाईंनी कागद घेतला, वाचला, मुलीकडे दिला. मुलगी रडत होती. बाई रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्या काहीतरी बोलल्या. लांबलचक नाही, पाचसहा शब्द असतील. ओठांवरून मला अर्थ लागला नाही. मी खिशातलं पेन पुढे केलं आणि हात जोडून म्हणालो की लिहून द्या. त्यांनी पेन घेतलं, टोपण नीट बसवलं आणि माझ्या खिशात परत अडकवलं. कंडक्टरने मला दंडाला धरून खाली उतरवलं. बाई काय म्हणाल्या ते मी त्याला विचारलं, त्याने मान फिरवली. बस गेली.

दोन दिवस आरशासमोर उभा राहून ओठ तसे हलवून बघतो आहे. कधी एक वाक्य बसतं, कधी अगदी उलट दुसरं. त्यांच्या मुलीचा पत्ता मी विचारला नव्हता आणि आता विचारणार नाही. आज दोन बटणं स्वतः लावली, वाकडी लागली.

आता तुझं. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे, पण दिग्दर्शकांकडून ते बारा दिवस मागून घे आणि दुसरी खोली बांध. तिसरंही एक दार कर, एकतीस वर्षं उशिरा उघडणारं. त्यात बस असू दे. तुझा हात मऊ आहे, ती बाई सुपरवायझरला क्षमा करते असं तू लिहून टाकशील, म्हणून आधीच बजावतो. तिचे ओठ हलू देत. खाली अक्षरं येऊ देऊ नकोस.

लोभ असावा असं मागायची आज हिंमत होत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा मामा